लाल अक्षरांतला नकार

सप्टेंबर २०२५ मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेतल्या महिलांना ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, करायला सांगितलं गेलं. स्वतःचा आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी टाकायचा; मग पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी. हा दुसरा टप्पा अनिवार्य होता. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. ज्या बाईचा नवरा वारला आहे आणि वडीलही हयात नाहीत, तिने तिथे काय भरायचं होतं? जिचा घटस्फोट झाला आहे, जिला नवऱ्याने टाकून दिलं आहे, तिने महिना पंधराशे रुपयांसाठी त्याच माणसाकडे ओटीपी मागायला जायचं होतं का? पुढे ओरड झाली. नोव्हेंबरमध्ये मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली आणि अशा महिलांसाठी मृत्यूचा दाखला, घटस्फोटाची कागदपत्रं किंवा न्यायालयाचा आदेश सादर करायची वाट ठेवली गेली.

वाट झाली हे चांगलंच झालं. पण मधले काही आठवडे त्या बायकांना सरकारकडून जे एकमेव उत्तर मिळत होतं, ते रकान्यापाशी मिळत होतं: हे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ज्या योजनेची पात्रता ठरवताना विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता महिलांचा वेगळा उल्लेख आहे, त्याच योजनेच्या अर्जाला त्या महिला दिसल्या नाहीत.

मी वेब फॉर्म बनवण्याच्या धंद्यात आहे. रकान्यापाशी अडवणाऱ्या अशा ओळींना आमच्याकडे 'व्हॅलिडेशन मेसेज' म्हणतात आणि त्या सगळ्यात शेवटी, घाईघाईत लिहिल्या जातात. विभागाकडून आराखडा येतो, त्यात कोणते रकाने हवेत याची यादी असते आणि काहींपुढे तारा असतो. तारा म्हणजे अनिवार्य. एखादा माणूस तो रकाना भरू शकला नाही तर त्याला काय सांगायचं, हे त्या आराखड्यात नसतं. ते प्रोग्रामरवर सोडलेलं असतं. माझं म्हणणं असं आहे की रिकाम्या रकान्याखाली उमटणारी ती लाल ओळ हा प्रशासनाचा निर्णय आहे. ती विभागाने लिहिली पाहिजे, मराठीत लिहिली पाहिजे, आणि तिच्यात कारण व पुढची वाट असली पाहिजे.

याला निर्णय का म्हणायचं? महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ बघा. या कायद्याने अर्जदाराला बरंच काही दिलं आहे. अर्जाची पोच मिळते, अर्जाला क्रमांक मिळतो, सेवा किती दिवसांत द्यायची ते ठरलेलं असतं. अर्ज फेटाळला तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, लेखी कारण द्यावं लागतं. ते पटलं नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग. चांगला कायदा आहे. पण हे सगळं सुरू होतं अर्ज दाखल झाल्यानंतर. तारांकित रकान्यापाशी अडलेल्या माणसाचा अर्ज दाखलच झालेला नसतो. त्याला पोच नाही, क्रमांक नाही, म्हणून अपीलही नाही. सरकारदरबारी त्याची नोंद अशी काही होतच नाही. तो आला होता हेसुद्धा कुणाला कळत नाही. पूर्वी खिडकीवरचा कारकून अर्ज घेत नसे तेव्हा निदान साहेबांकडे जाता यायचं, 'का घेत नाही ते लिहून द्या' म्हणून वाद घालता यायचा. आता तोच नकार एका ओळीत मिळतो आणि तो कुणी दिला ते विचारायला समोर माणूस नाही.

ही ओळ येते कुठून, हे थोडं जवळून सांगायला हवं, कारण इथेच सगळा घोळ आहे. पानाच्या कोडमध्ये एखाद्या रकान्यापुढे 'रिक्वायर्ड' एवढा एक शब्द लिहिला की बाकीचं काम ब्राउझर करतो. वेब पानं ज्या भाषेत लिहितात तिचं एचटीएमएल ५ हे मानक २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये पक्कं झालं, त्यात ही सोय आहे. रकाना रिकामा ठेवून बटण दाबलं की ब्राउझर अर्ज अडवतो आणि एक छोटा फुगा दाखवतो: 'प्लीज फिल आउट धिस फील्ड'. फुकटात मिळतं म्हणून सगळे वापरतात. आता यातली अडचण अशी की त्या फुग्यातली भाषा पानाची नसते, ब्राउझरची असते. पान अथपासून इतिपर्यंत मराठीत असू दे, कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवलेली असू दे; मोबाइल इंग्रजीत असेल तर फुगा इंग्रजीतच येणार. आणि आपल्याकडे मराठी वाचणाऱ्या कितीतरी जणांचा मोबाइल दुकानदाराने सुरू करून दिला तसाच, इंग्रजीत असतो. शिवाय फुगा एका वेळी एकाच रकान्याचा येतो. पाच रकाने राहिले असतील तर पाच वेळा बटण दाबा. क्रोममध्ये तो काही सेकंदांत आपोआप नाहीसाही होतो. अक्षर लावून वाचणारी बाई पहिला शब्द वाचते तोवर तो गेलेला असतो.

हे बदलता येतं, आणि त्यासाठी कुठलंही महागडं तंत्र लागत नाही. 'सेटकस्टमव्हॅलिडिटी' नावाची आज्ञा त्याच मानकात आहे. तिच्यात आपल्याला हवं ते वाक्य द्यायचं, ब्राउझर तेच दाखवतो. पण यात एक खोच आहे. एकदा वाक्य दिलं की तो रकाना चुकीचा आहे असंच ब्राउझर धरून चालतो, जोवर तुम्ही तिथे पुन्हा रिकामं वाक्य देऊन तो मोकळा करत नाही तोवर. माणूस टाइप करू लागला की वाक्य पुसायचं, हा उरलेला अर्धा भाग कित्येक जण लिहीतच नाहीत. कुठून तरी पहिली ओळ उचलतात आणि चिकटवतात. मग काय होतं? बाई नाव लिहिते. रकाना भरलेला दिसतो. बटण दाबलं की खाली 'नाव लिहा'. ती नाव पुसून पुन्हा लिहिते, पुन्हा तेच. आपलंच काहीतरी चुकतंय असं तिला वाटतं आणि ती शेजारच्या मुलाला बोलावते. त्यालाही जमत नाही. दोन ओळींच्या आळसाने एक अर्ज बुडतो.

नावाच्या रकान्याचं आणखी एक आहे, आणि ते खास आपलं आहे. नावात फक्त अक्षरं असावीत असा नियम घालताना इंग्रजीपुरता विचार केला तर देवनागरी नाव मुळातच नाकारलं जातं. थोडा पुढचा विचार करणारा प्रोग्रामर 'कुठल्याही लिपीचं अक्षर चालेल' असा नियम लिहितो. पण युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिपी संगणकात साठवण्याच्या मानकाच्या, हिशेबात आपला काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार ही अक्षरं नाहीत, अक्षराला जोडून येणाऱ्या खुणा आहेत. त्यांचा गट वेगळा. तो गट नियमात घेतला नाही तर 'कमल' चालतं आणि 'कमला' अडतं. त्याहून पुढे जाऊन कुणी युनिकोडमधला देवनागरीचा अख्खा पट्टा मान्य केला, तरी कऱ्हाडकर आणि कुऱ्हाडे अडकू शकतात. कारण काही कीबोर्ड हा अर्धा र लिहिताना मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात आणि ते चिन्ह त्या पट्ट्याबाहेरचं आहे. स्क्रीनवर नाव बरोबर दिसतं, खाली मात्र 'कृपया वैध नाव टाका'. स्वतःचं नाव अवैध आहे असं माणसाला त्याच्याच राज्याच्या भाषेत सांगितलं जातं. यात त्या माणसाचा काडीचा दोष नाही, आणि त्याला तो दुरुस्तही करता येत नाही. इथे ओळ कितीही गोड शब्दांत लिहिली तरी उपयोग नाही. नियमच बदलला पाहिजे. म्हणून मी म्हणतो की संदेश लिहायला बसलेल्या माणसाला नियम बदलण्याचा अधिकार असायला हवा. 'हे वाक्य मला अर्जदाराच्या तोंडावर म्हणता येत नाही' असं त्याला वाटलं, तर तिथे थांबून रकान्याचाच फेरविचार झाला पाहिजे.

नुसतं भाषांतर करून भागत नाही हे यावरून लक्षात यावं. 'हा रकाना आवश्यक आहे' हे शुद्ध मराठी वाक्य आहे आणि त्याने कुणाचंही काही भलं होत नाही. आवश्यक आहे हे तर ताऱ्याने सांगितलंच होतं. शिष्यवृत्तीच्या अर्जात उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक मागितला असेल, तर मुलाला हवं असतं ते असं: 'उत्पन्नाच्या दाखल्यावरचा क्रमांक लिहा. दाखल्यावर तो कुठे असतो हे शेजारच्या चित्रात दाखवलं आहे. दाखला अजून मिळाला नसेल तर अर्ज जतन करा. शेवटच्या तारखेपर्यंत क्रमांक भरता येईल.' पहिलं वाक्य काय करायचं ते सांगतं, दुसरं कसं ते, आणि तिसरं ते नसेल तर काय. तिसरं वाक्य लिहायला बसलं की विभागाला उत्तर शोधावं लागतं. उत्तर नसेल तर धोरणातच भोक आहे, हे अर्ज खुला होण्याआधी कळतं. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत पतीच्या आधारच्या रकान्याखाली 'पती आणि वडील दोघेही हयात नसतील तर...' एवढं वाक्य कुणी लिहायला घेतलं असतं, तर ते अर्ध्यावरच अडलं असतं आणि नोव्हेंबरमध्ये केलेली सोय सप्टेंबरमध्येच झाली असती.

ब्रिटनच्या सरकारने हे काम मनावर घेतलं आहे. त्यांच्या सरकारी सेवांची संकेतस्थळं ज्या घडणीवर बांधली जातात ती 'गव्ह डॉट यूके डिझाइन सिस्टिम' २०१८ पासून खुली आहे. तिच्यात चूक दाखवणारे संदेश कसे लिहावेत यावर स्वतंत्र प्रकरण आहे. ब्राउझरचे फुगे बंद करा असं ते स्पष्ट सांगतं. रकाना रिकामा राहिला तर 'तुमचं पूर्ण नाव लिहा' असं थेट म्हणा. 'अवैध', 'निषिद्ध' असले शब्द नकोत, उगाच 'कृपया'ही नको. पानाच्या वर सगळ्या राहिलेल्या गोष्टींची यादी द्या, तिच्यातल्या ओळीवर टिचकी मारली की थेट त्या रकान्यापाशी नेऊन सोडा, आणि वरची ओळ व रकान्याजवळची ओळ शब्दशः सारखी ठेवा. ऐच्छिक रकान्यापुढे 'ऐच्छिक' असं लिहा आणि मुळात गरज नसलेलं विचारूच नका. यातलं काहीही आपल्याला अवघड नाही.

कायद्याचा आधार आपल्याकडेही आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. राज्याचा कारभार मराठीतून चालावा हा त्याचा हेतू. अर्ज अडवणं हा कारभारच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण सगळ्यांनी केला, मीही केला. त्या आनंदाचा काही भाग या दोन-दोन ओळींपर्यंत पोहोचावा असं मला मनापासून वाटतं. केंद्राच्या संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. ती ज्या आंतरराष्ट्रीय मानकावर बेतलेली आहे त्यात चूक कुठल्या रकान्यात आहे ते शब्दांत सांगा ही अगदी पहिल्या पातळीची अट आहे, आणि दुरुस्ती कशी करायची ते माहीत असेल तर तेही सांगा ही दुसऱ्या पातळीची. नुसती लाल चौकट आखून भागत नाही, कारण अंध माणसाला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला लाल रंग वाचता येत नाही. संदेशाची ओळ रकान्याशी कोडमध्ये जोडलेली असेल तरच ती त्याला ऐकू येते.

आणि ३० एप्रिल २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तर डोळे उघडणारा आहे. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध अर्जदारांचं प्रकरण होतं. डिजिटल केवायसीत माणूस जिवंत आहे हे पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावी लागे. ज्यांचे डोळेच जळाले त्यांनी ती कशी करायची? प्रज्ञा प्रसून यांच्या या याचिकेत न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हे घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानलं आणि वीस निर्देश दिले. उघडझाप हीसुद्धा एक अनिवार्य रकानाच होती. तिच्या मागे एक अशी समजूत होती की प्रत्येकाला डोळे मिटता-उघडता येतात. प्रत्येक ताऱ्यामागे अशी एक समजूत असते: प्रत्येकाला आडनाव असतं, प्रत्येकाचा स्वतःचा मोबाइल असतो, प्रत्येक बाईला नवरा किंवा वडील असतात.

यावर काही जण म्हणतात, लोक स्वतः अर्ज भरतच नाहीत, ई-सेवा केंद्रात जातात, मग मराठी संदेशांचा खटाटोप कुणासाठी? लाडकी बहीणच्या वेळी २०२४ मध्ये सरकारनेच अर्ज भरून देण्यासाठी अंगणवाडी सेविकांना आणि इतरांना पात्र अर्जामागे ५० रुपये देऊ केले होते, हे खरं आहे. पण लोक केंद्रात का जातात हेही बघा. घरी एकदा प्रयत्न केला, काहीतरी इंग्रजी आलं, समजलं नाही, म्हणून जातात. केंद्रचालकालाही तोच फुगा दिसतो, आणि रांगेतल्या बाईला तो सांगतो, 'साइट घेत नाही, उद्या या.' तिची मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं. केंद्रचालकाला जर स्क्रीनवर 'पतीच्या नावाऐवजी मृत्यूच्या दाखल्याचा क्रमांक चालेल' असं वाचता आलं, तर तो तिला तेच सांगेल. सेविका आणि केंद्रचालक हेसुद्धा मराठीच वाचणारे आहेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: सविस्तर कारण दिलं की लबाडांना वाट सापडते. पासवर्डच्या पानावर हे खरं आहे. 'हा क्रमांक आमच्याकडे नोंदलेला नाही' एवढं सांगणंसुद्धा तिथे धोक्याचं असतं. तिथे संदेश मोघमच हवा. पण रकाना रिकामा आहे, दाखल्याचा क्रमांक दोन अंकांनी कमी आहे, फोटो ठरलेल्या आकारापेक्षा मोठा आहे, यात लपवण्यासारखं काय आहे? लबाड माणूस रिकामा अर्ज पाठवत नाही. पडताळणी त्याची करायची ती आतल्या बाजूला, नोंदी जुळवून करायची असते. दारातच सगळ्यांना घोळात टाकून ती होत नाही.

खर्चाचा मुद्दा मी फार मानत नाही. एका अर्जात तीस-चाळीस रकाने धरले तर लिहायची वाक्यं शंभरच्या आसपास. योजनेच्या जाहिरात फलकांपेक्षा हे नक्कीच स्वस्त पडेल.

करायचं काय, तर निविदेतच लिहा. कंत्राटदाराला अर्जाचा आराखडा देताना प्रत्येक तारांकित रकान्यापुढे तीन गोष्टी विभागाने भरून द्याव्यात: हा का लागतो, नसेल तर काय चालेल, आणि अडला तर कोणता संदेश दिसेल. त्या संदेशाखाली ज्या अधिकाऱ्याने तो मंजूर केला त्याचं पदनाम फाइलवर असावं. अर्ज कुठल्या रकान्यापाशी किती वेळा अडला याची मोजणी सर्व्हरवर सहज ठेवता येते. माणसाचं नाव-गाव न साठवता नुसता आकडा. तो दर आठवड्याला विभागप्रमुखापुढे जावा आणि संकेतस्थळावरही लागावा. एखाद्या रकान्यापाशी हजारो लोक थांबत असतील तर ती लोकांची चूक असणार नाही. आणि अडलेल्या माणसाला एक बटण द्या, 'मला हे भरता येत नाही' एवढंच लिहिलेलं. ते दाबलं की तारीख, वेळ आणि अडलेला रकाना यांसकट त्याला एक पोच मिळावी. लोकसेवा हक्क कायद्याची घड्याळं त्या पोचेपासून सुरू व्हावीत अशी दुरुस्ती विधिमंडळाने करायला हवी. तोवर निदान तहसील कार्यालयात दाखवायला त्याच्या हातात एक कागद राहील.

हे सगळं होईपर्यंत एक काम कुठल्याही विभागाला उद्या करता येईल. अर्ज खुला करण्याआधी दोन अंगणवाडी सेविका, एक केंद्रचालक आणि एक स्क्रीन रीडर वापरणारा माणूस यांना एका दुपारी बोलवा. अर्ज कोरा ठेवून बटण दाबायचं आणि उमटलेली प्रत्येक लाल ओळ मोठ्याने वाचायची. सेविका विचारतील, 'आणि तिच्याकडे हे नसेल तर?' ज्या रकान्यापाशी खोलीतल्या कुणालाच याचं उत्तर देता येणार नाही, त्या रकान्यापुढचा तारा त्याच दुपारी काढायचा.